तपासलेलं पान परत जायला हवं: बडोद्यातल्या एका मराठी वर्गाने ऑनलाइन व्यवस्था कशी निवडली

बडोद्यात डांडिया बाजाराच्या आसपास शनिवार-रविवारी मुलांचा एक मराठी वर्ग भरतो. ही शाळा नव्हे. सरकारमान्यता नाही, परीक्षा नाही, फी नावापुरती. तिसरी ते नववीतली साठेक मुलं येतात. शिकवायला आम्ही पाच जणी आणि एक निवृत्त सर. मुलांच्या घरी मराठी बोलली जाते, कित्येकांच्या घरी आजीशिवाय दुसरं कुणी ती लिहीत नाही. शाळा गुजराती माध्यमाची, नाहीतर इंग्रजी. या वर्गासाठी ऑनलाइन काय घ्यायचं हे ठरवताना आम्ही काय पाहिलं, काय सोडलं आणि का, ते सविस्तर मांडते आहे. अशा छोट्या वर्गांसाठी लिहिलेलं मार्गदर्शन फारसं सापडत नाही. जे सापडतं ते संगणक प्रयोगशाळा असलेल्या शाळांसाठी असतं.

आधी आमचं काम नेमकं काय, ते सांगायला हवं. निर्णय त्यावरच फिरला. गुजराती लिपीला शिरोरेषा नसते. गुजराती माध्यमातलं मूल मराठी लिहितं तेव्हा शब्दांवर रेघ नसते आणि दोन शब्दांमधलं अंतरही हरवतं. 'ख', 'ज', 'झ', 'फ' ही अक्षरं सर्रास गुजराती वळणाची येतात. इंग्रजी माध्यमातली मुलं हिंदीच्या सवयीने रेघ ओढतात, पण ऱ्हस्व-दीर्घात अडकतात: 'आणि' दीर्घ होतं, 'पाणी' ऱ्हस्व. हे सुधारायचं तर प्रत्येक मुलाच्या प्रत्येक पानावर पेन चालवावं लागतं. वाचताना आणखी एक अडचण येते. 'चहा'तला च आणि 'चमचा'तला च लिहायला एकच, उच्चाराला दोन. ते कानाने शिकवावं लागतं. म्हणजे आमच्या वर्गाचं निम्मं काम वहीतलं आणि निम्मं आवाजातलं. व्याख्यान देण्याजोगं त्यात फार थोडं असतं.

पूर आला तेव्हा

ऑगस्ट 2024च्या अखेरीस विश्वामित्रीला मोठा पूर आला. समा, फत्तेगंज, अकोटा अशा भागांत पाणी घरात शिरलं. बऱ्याच ठिकाणी वीज गेली, ती लगेच आली नाही. वर्ग अर्थातच बंद पडला. काही मुलांच्या वह्या भिजून गेल्या. पाणी ओसरल्यावर पालकांची बैठक झाली आणि पहिला सूर असा होता की आता तरी वर्ग ऑनलाइन करा, म्हणजे पुन्हा खंड पडणार नाही. "ताई, कोविडमध्ये सगळं झूमवरच चाललं होतं की. घेऊन टाका," असं एका मुलीचे वडील म्हणाले, आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या.

मला हा मुद्दा तेव्हाच खटकला होता आणि आजही खटकतो. ज्या दिवसांत घरात वीज नव्हती, फोन चार्ज करायला नातेवाइकांकडे जावं लागत होतं, त्या दिवसांत व्हिडिओ तास कुणी पाहिला असता? पुरासाठी उपाय हवाच असेल तर तो असा हवा, की काम पडून राहिलं तरी वाया जाऊ नये. मुलाने सोमवारी लिहावं, गुरुवारी पाठवावं, ताईंनी शनिवारी तपासावं, आणि कुणाचं काही चुकू नये. अमुक वाजता सगळ्यांनी हजर राहायचं, ही मागणी अशा वेळी सर्वांत आधी कोसळते. बैठकीत सरांनी हेच वेगळ्या पद्धतीने विचारलं: "मुलाने लिहिलेलं पान आपल्याकडे येणार कसं, आणि तपासलेलं त्याच्याकडे परत जाणार कसं, एवढंच मला सांगा. बाकीचं नंतर बघू." पुढे जे काही तपासलं ते या एका प्रश्नावर घासून तपासलं.

सरांचा जन्म बडोद्यातलाच. इथल्या सार्वजनिक वाचनालयांची गोष्ट ते नेहमी सांगतात. सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि 1906 साली तो राज्यभर नेला. पण वाचायला शिकलेल्या माणसाच्या हाती पुस्तक पडलं नाही तर तो वाचन विसरतो, हेही त्यांनी ओळखलं होतं. 1910 साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून त्यांनी ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. त्यात फिरती वाचनालयंही होती. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव जायच्या आणि परत यायच्या. सरांचं म्हणणं असं, की पेटी जाते हे सगळ्यांना दिसतं, ती परत येण्याची व्यवस्था कुणी लावली हे कुणी विचारत नाही.

आधी फोन कुणाचा ते विचारलं

कुठलंही अ‍ॅप उघडण्याआधी आम्ही घरोघरी चौकशी केली. फोन कुणाचा, तो मुलाच्या हाती कधी येतो, आणि घरात दुसरं भावंड वर्गात आहे का. कामाची ठरली ती हीच माहिती. बहुतेक घरांत मुलाला मिळणारा फोन आईचा किंवा वडिलांचा असतो आणि तो संध्याकाळनंतर मिळतो. मंगळ बाजारात दुकान असलेल्या एका वडिलांनी स्पष्ट सांगितलं, "ताई, माझा फोन रात्री नऊपर्यंत गल्ल्यावर. त्यानंतर तिचा." आठवी-नववीतल्या थोड्या मुलांकडे स्वतःचा फोन होता. दोन घरांत स्मार्टफोनच नव्हता. त्या मुलांचं नाव आम्ही यादीत सर्वांत वर लिहिलं. जी व्यवस्था त्यांना बाहेर ठेवेल ती आम्हाला नको होती.

एवढ्या माहितीवरच काही पर्याय गळाले. संध्याकाळी पाचचा रोजचा व्हिडिओ तास गेला. झूमच्या फुकट खात्यावर बैठक 40 मिनिटांत तुटते, गूगल मीटवर तिघं किंवा अधिक जण असतील तर 60 मिनिटांत. ही मर्यादा खरं तर आम्हाला नडली नसती, कारण आठ वर्षांच्या मुलाला त्याहून जास्त वेळ पडद्यासमोर बसवूच नये. आम्ही व्हिडिओ मागे ठेवला तो वेगळ्या कारणाने: त्यातून वही येत नाही. मूल वही कॅमेऱ्यासमोर धरतं, ती उलटी दिसते किंवा धूसर दिसते, आणि ताई म्हणतात "छान." तपासणी होत नाही.

दीक्षाचं नाव निघालं. हे केंद्र सरकारचं व्यासपीठ 2017च्या शिक्षकदिनी सुरू झालं. बालभारतीच्या पुस्तकांवरचे क्यूआर कोड स्कॅन केले की त्यावरचं मराठी साहित्य उघडतं. आम्हाला ते फार उपयोगी आहे. बडोद्यात महाराष्ट्राची पाठ्यपुस्तकं सहज मिळत नाहीत, आणि बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत उतरवता येतात. पण दीक्षा म्हणजे साहित्याचं कपाट. आमच्या पाचवीतल्या मुलीचं पान तिथे कुणी तपासून देत नाही. ते वाचनासाठी ठेवलं आणि पुढे गेलो.

मूडलसाठी, म्हणजे वर्ग ऑनलाइन चालवण्याच्या एका सॉफ्टवेअरसाठी, एका पालकांनी मनापासून आग्रह धरला. ते सॉफ्टवेअर कंपनीत आहेत. मूडल 2002पासून आहे, मुक्त स्रोत आहे, त्याला परवान्याचे पैसे लागत नाहीत. मुलाने पाठवलेल्या पीडीएफवर शिक्षकाला ब्राउझरमध्येच खुणा करता येतात, आणि अ‍ॅपवर बराच मजकूर आधी उतरवून नेटशिवाय पाहता येतो. निव्वळ गुणांवर ते आमच्या प्रश्नाला सर्वांत जवळ जाणारं उत्तर होतं, हे मी मोकळेपणाने सांगते. पण मूडलला सर्व्हर लागतो. त्याचं भाडं लागतं, आवृत्ती वेळोवेळी अद्ययावत करावी लागते, बॅकअप घ्यावा लागतो, आणि मुलांची नावं-पानं आपल्या सर्व्हरवर असल्याने सुरक्षेची जबाबदारीही आपलीच. हे सगळं तो एकच माणूस करणार होता. आमच्यातल्या एका ताईंनी त्यांना तोंडावरच विचारलं, "आणि उद्या तुमची बदली पुण्याला झाली तर?" ते हसले नाहीत, विचारात पडले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच कळवलं की मूडल नको. त्यांच्याबद्दलचा आदर त्या निरोपाने वाढला.

मायक्रोसॉफ्ट टीम्स लवकर बाजूला पडलं. त्यातली वर्ग आणि गृहपाठाची सोय शाळेच्या खात्यांवर खुलते आणि आमच्याकडे शाळा नाही. याच कारणाने गूगलची शिक्षणसंस्थांसाठीची मोफत आवृत्तीही हुकली. ती मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांना मिळते, शनिवार-रविवारच्या वर्गाला नाही. आमच्यातल्या एक ताई शाळेत नोकरी करतात. तिथली खाती वापरू या, असं कुणीतरी सुचवलं. ते आम्ही तिथल्या तिथे नाकारलं. ती खाती शाळेची, त्यांवरचा ताबा शाळेच्या प्रशासकाचा, आणि आमच्या मुलांचा त्या शाळेशी संबंध नाही. ताईंची नोकरी अडचणीत आणण्याचा हक्क आम्हाला कुणी दिला नव्हता.

राहिले दोन: आधीपासून चालू असलेला व्हॉट्सअ‍ॅप गट, आणि वैयक्तिक खात्यांवर चालणारं गूगल क्लासरूम, जिथे शिक्षक काम देतात आणि मुलं ते जमा करतात.

एकच पान, दोन वाटा

या दोघांची तुलना कागदावर करायची नाही असं ठरलं. पाचवी-सहावीच्या एका तुकडीला आणि सातवीच्या दुसऱ्या तुकडीला एकच काम दिलं: 'आमचं आजोळ' या विषयावर वहीत दहा ओळी. एका तुकडीने पान व्हॉट्सअ‍ॅप गटावर पाठवायचं, दुसरीने क्लासरूमवर. पुढच्या आठवड्यात अदलाबदल.

गटावरचा अनुभव सगळ्यांच्या ओळखीचा असेल. पान आलं की पाठोपाठ दुसरं, मध्ये कुणाचा शुभ सकाळचा फुलांचा फोटो, मग एका आजींचा प्रश्न की रविवारी वर्ग किती वाजता. ताईंनी पान उतरवून, त्यावर बोटाने लाल रेघा मारून परत टाकलं तोवर ते वर कुठेतरी गेलेलं. तासाभराने मूल फोन हातात घेतं तेव्हा त्याला आपलं पान शोधावं लागतं, आणि नऊ वर्षांचं मूल ते शोधत नाही.

याहून मोठी एक गोष्ट दिसली, जी आम्हाला आधी सुचली नव्हती. एका मुलाचं पान गटावर आलं. एकाही शब्दावर शिरोरेषा नाही, 'आजोळ'मधला ज गुजराती. त्याखाली काकू, मावशी, शेजारचे पालक यांचे अभिप्राय: "खूप छान", "शाब्बास बेटा", टाळ्या, फुलं. सगळं प्रेमाने. त्यानंतर ताईंनी लाल खुणा केलेलं पान टाकायचं म्हणजे चारचौघांत मुलाला खाली पाहायला लावणं. आमच्या एका ताईंनी ते टाकलंच नाही, रविवारी हळूच वहीत दाखवलं. उघड्यावर आलेलं कौतुक आणि उघड्यावर करावी लागणारी दुरुस्ती एका जागी नांदत नाहीत. मोठ्यांच्या लेखनाच्या गटात कदाचित नांदत असतील. आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत मी हा धोका पत्करणार नाही.

क्लासरूमवर तेच पान फक्त मुलाला आणि शिक्षकांना दिसतं. पाचवीतल्या एका मुलीच्या पानाचा प्रवास मी शेजारी बसून पाहिला. तिच्या वडिलांनी रात्री साडेनऊला ट्यूबलाइटखाली फोटो काढला. फोनची सावली पानाच्या उजव्या कोपऱ्यावर, शाई निळी, कागद दुरेघी. पान जमा झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंनी टॅबवर ते उघडलं आणि अ‍ॅपमधल्या पेनने लाल रेघ ओढायला सुरुवात केली. पहिल्या ओळीवर संपूर्ण शिरोरेषा स्वतः ओढून दाखवली. दुसऱ्या ओळीवर फक्त पहिल्या शब्दावर ओढली आणि पुढे एक बाण काढला. तिसऱ्या ओळीपासून काहीच नाही; समासात लिहिलं, "आता तू." 'आजी आणी मी' यातल्या 'णी'भोवती गोल. पान परत केलं. रात्री वडील दुकानातून आल्यावर मुलीने ते पाहिलं, वहीतल्या त्याच पानावर तिसऱ्या ओळीपासून पेन्सिलने रेघा ओढल्या आणि पुन्हा फोटो पाठवला. हे दुसऱ्यांदा आलेलं पान आमच्या दृष्टीने निर्णायक होतं. गटावरच्या तुकडीतून दुसऱ्यांदा पान जवळजवळ कुणाचंच आलं नव्हतं.

आवाजाच्या बाबतीत मात्र चित्र उलटं होतं. क्लासरूमच्या टिप्पणीत आम्हाला थेट बोलून टाकता आलं नाही. ध्वनिफीत वेगळी करून जोडावी लागली, आणि तेवढी यातायात कुणी करत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ताई बटण दाबून "चहा... चमचा..." म्हणतात आणि मूल दाबून परत म्हणतं. यापुढे बाकी सगळं फिकं आहे.

काय ठरलं

दोन्ही ठेवायचं, पण कामं वाटून. वहीतलं लेखन क्लासरूमवर. उच्चार आणि वाचन ताई आणि पालक यांच्यातल्या वैयक्तिक व्हॉट्सअ‍ॅपवर, गटावर नाही. गटात फक्त सूचना, त्याही केवळ शिक्षकांना टाकता येतील अशी मांडणी. पालकांचे क्रमांक एकमेकांना दिसू नयेत म्हणून आम्ही व्हॉट्सअ‍ॅप कम्युनिटीतला घोषणांचा गट घेतला. तिथे सदस्यांचे क्रमांक इतर सदस्यांना दिसत नाहीत. काही आयांनी हे आधीपासून मागितलं होतं आणि त्यांचं बरोबर होतं.

टंकलेखन हवं का यावर बराच वाद झाला. एका ताईंचं म्हणणं की पुढच्या पिढीचं मराठी कीबोर्डवरच राहणार. मान्य. पण फोनचा कीबोर्ड 'आणि' स्वतःच सुचवतो. मूल योग्य शब्दावर बोट ठेवतं, वेलांटी कुठली हे त्याला ठरवावंच लागत नाही. म्हणून सातवीपर्यंत हाताने, आठवी-नववीला गूगल डॉक्सवर निबंध, ज्यात समासातल्या टिप्पणीवर मूल उत्तर देऊ शकतं. मोठी मुलं ताईंशी वादही घालतात तिथे. ते मला फार आवडतं.

मुलांच्या नावाने नवी खाती उघडायची नाहीत, हे एकमताने ठरलं. गूगलचं स्वतःचं खातं 13 वर्षांखालच्या मुलाला पालकांच्या देखरेखीशिवाय मिळत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपचं किमान वयही 13च आहे. शिवाय 2023चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती मागतो. आम्ही छोटा वर्ग आहोत म्हणून मुलाची माहिती छोटी होत नाही. एक पानी संमतिपत्र मराठीत आणि गुजरातीत केलं: काय पाठवलं जाईल, कोण पाहील, वर्ष संपलं की काय पुसलं जाईल. मुलाचा चेहरा असलेला फोटो पाठवू नका, फक्त पान पाठवा, ही ओळ ठळक अक्षरांत.

पालकाच्या खात्याने मूल वर्गात येतं, त्यामुळे यादीत मुलाऐवजी वडिलांचं नाव दिसतं. म्हणून पानाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात मुलाने स्वतःचं नाव आणि इयत्ता लिहायची. वेगवेगळ्या इयत्तांतली भावंडं एकाच खात्यावर निभावतात. सहावीतल्या जुळ्या बहिणींचा प्रश्न सुटला नाही. एकीला आईचं खातं, दुसरीला वडिलांचं, असं सध्या चालतं आणि वडील फिरतीवर असले की दुसरीचं काम अडतं.

शिक्षकांच्या बाजूला एक गोष्ट सुरुवातीलाच करून ठेवली. क्लासरूमचे वर्ग कुणा एका ताईंच्या खासगी खात्यावर उघडले नाहीत. वर्गाच्या नावाने खातं काढलं आणि सगळ्या शिक्षकांना सहशिक्षक केलं. फुकट खात्याला 15 जीबी जागा मिळते, तेव्हा दर सत्राअखेरीस ती रिकामी करायची जबाबदारी कुणाची, हेही वहीत लिहून ठेवलं. दोन टप्प्यांच्या पडताळणीचा, म्हणजे पासवर्डनंतर मागितला जाणारा, संकेत एका ताईंच्या फोनवर येतो. त्या दिवाळीत कोल्हापूरला माहेरी गेल्या तेव्हा आम्ही खात्याचे छापील राखीव संकेत काढून वर्गाच्या कपाटात ठेवले होते, म्हणून काम चालू राहिलं. ज्यांना असा वर्ग सुरू करायचा असेल त्यांनी हे राखीव संकेत पहिल्याच दिवशी छापावेत.

स्मार्टफोन नसलेल्या दोन घरांसाठी जुनीच वही. शनिवारी वही जमा, ताई घरी नेतात, लाल शाईने तपासतात, रविवारी परत. "आता तू" त्यांच्याही समासात असतं. त्यांतल्या एका मुलाची शिरोरेषा सगळ्या तुकडीत सरळ आहे, आणि रविवारी हॉलमध्ये ज्यांची पानं मांडून ठेवतो त्यांत त्याचं पान हटकून असतं.

रविवारचा प्रत्यक्ष वर्ग एका दिवसानेही कमी केला नाही. व्हिडिओ बैठक फक्त अतिवृष्टीच्या रविवारी, तीही अर्धा तास, गोष्ट वाचून दाखवण्यापुरती. कामाला शेवटची तारीख ठेवतो, पण उशिरा आलेलं पान बाद होत नाही. पूर आला, घरी लग्न निघालं, फोन बिघडला, काहीही झालं तरी पान नंतर येऊ शकतं.

तपासणीचा भार मात्र वाढला आहे, हे निर्णय घेणाऱ्यांनी आधीच धरून चालावं. पूर्वी पान एकदा यायचं, आता दोनदा येतं. पाच जणींना आणि सरांना ते आठवड्याच्या मधल्या दुपारी करावं लागतं. सरांची नजर आता टॅबवर टिकत नाही, म्हणून फोन नसलेल्या घरांच्या वह्या आणि रविवारची मांडणी त्यांनी स्वतःकडे घेतली. जूनमध्ये नवी मुलं येतील तेव्हा आठवी-नववीतल्या दोन-तीन मुलांना धाकट्यांच्या पानांवर पहिली रेघ ओढायला द्यायची का, हा विचार चालू आहे. त्याला धाकट्यांच्या पालकांची वेगळी संमती लागेल. तो मजकूर सध्या सरांकडे तपासायला आहे.